अक्षर आपले, शब्द लोकांचे

महानोर गेले त्या आठवड्यातली गोष्ट आहे. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ती बातमी आली. आदल्याच दिवशी, २ ऑगस्टला, नितीन चंद्रकांत देसाई गेले होते. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकवितेवर २०१२ मध्ये त्यांनीच चित्रपट केला होता. एकाच कथेचे कवी आणि दिग्दर्शक असे एका दिवसाच्या अंतराने जावेत, हा योगायोग चटका लावणारा होता. आमच्या मराठी विभागात छोटीशी शोकसभा झाली. आम्ही दोघेही तेथे बोललो. एकाने रानातल्या कवितेविषयी सांगितले, दुसरीने 'अजिंठा'विषयी. मेजर रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी येतो, पारो नावाची तरुणी त्याच्या आयुष्यात येते, आणि तिच्या मृत्यूने तो आतून उद्ध्वस्त होतो. गेली पंधरा-सोळा वर्षे वर्गात आम्ही हेच सांगत आलो आहोत, आणि सांगताना दर वेळी वर्ग शांत झालेला पाहिला आहे.

सभा संपल्यावर द्वितीय वर्षाची एक मुलगी थांबली. तिने विचारले, "मॅडम, त्या गिलने काढलेली चित्रे आता कुठे आहेत?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. 'असतील लंडनला' असे काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. घरी येताना दोघेही गप्प होतो. एका चित्रकारावरची कविता आम्ही दीड दशक शिकवली, आणि त्याच्या चित्रांविषयी एकदाही चौकशी केली नाही! तो चित्रकार कोणाच्या प्रेमात पडला हे आम्हांला पाठ होते. त्याने काय काम केले, कोणासाठी केले, त्या कामाचे पुढे काय झाले, हे आम्हांला ठाऊक नव्हते.

हा लेख म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. पण ते शोधताना आमच्याच घरातला एक जुना हिशेब पुढे आला. तो आधी मांडल्याशिवाय गिलविषयी बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमचे गाव नरडाणा. धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात, मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग यांच्या सांध्यावर ते वसले आहे. महामार्गाच्या कडेला एका टपरीवजा खोलीत नानांचे दुकान होते. नाना म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील, दुसरीचे सासरे. बासष्टच्या चीन युद्धानंतर जी मोठी भरती झाली, तीत ते फौजेत गेले. तेथे त्यांना रंगाऱ्याचे काम शिकवण्यात आले. गाड्यांवरचे क्रमांक, त्या क्रमांकाआधी येणारा वर तोंड केलेला बाण, दारूगोळ्याच्या पेट्यांवरच्या सूचना, छावणीच्या फाटकावरची पाटी, अशी ती सतरा वर्षे गेली. निवृत्त होऊन गावी आले, ते हातात ब्रश घेऊनच. गावाने त्यांना 'फौजी पेंटर' हे नाव दिले आणि त्यांनीही ते आनंदाने घेतले. प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरांत ते हेच नाव लिहीत.

त्यांचे काम पाहत आमच्यापैकी एक जण मोठा झाला. पत्र्याला आधी रेड ऑक्साइडचा हात द्यायचा. तो वाळला की पांढरा. मग खडूने माखलेला दोरा दोन्ही टोकांना ताणून मधोमध टिचकी मारायची, की शिरोरेषेची सरळ रेघ उमटे. डाव्या हातात एक काठी असे, तिच्या टोकाला चिंधीचा गोळा. ती पत्र्यावर टेकवून तिच्यावर उजवे मनगट ठेवायचे, म्हणजे हात कापत नाही आणि ओल्या रंगालाही लागत नाही. किराणा दुकाने, ढाबे, जिनिंगचे कारखाने, ट्रकच्या मागच्या फळ्या, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, बियाण्यांच्या आणि खतांच्या भिंती, निवडणुकीतले पंजे आणि कमळे, हे सारे त्यांनी रंगवले. एकाच भिंतीवर दर पाच वर्षांनी निराळ्या पक्षाचे नाव तितक्याच निगुतीने लिहिताना त्यांना आम्ही पाहिले आहे. एकदा आमच्यापैकी एकाने, महाविद्यालयीन वयाला शोभेल अशा तोऱ्यात, त्यांना विचारले की हे तुमच्या मनाला पटते का. नाना ब्रश पुसत अहिराणीत म्हणाले, "अक्षर मन्हं, शब्द लोकेस्ना."

अक्षर माझे, शब्द लोकांचे. तेव्हा आम्हांला हे सोयीस्कर उत्तर वाटले. पुढे आम्ही एम. ए. झालो, सौंदर्यशास्त्र वाचले, 'निर्मिती' आणि 'कारागिरी' यांतला भेद शिकलो आणि तो वर्गात शिकवू लागलो. ज्याला आतून काही सांगायचे आहे तो कलावंत, जो सांगितलेले करून देतो तो कारागीर, अशी आमची स्वच्छ मांडणी होती. मोबदला घेऊन, मागणीबरहुकूम, ठरलेल्या मापात केलेले काम हे कलेच्या उंबरठ्याबाहेरचे. मराठी साहित्याच्या अध्यापकाला तरी हा भेद इतका सोपा वाटायला नको होता. लघुनियतकालिकांच्या चळवळीतले कवी र. कृ. जोशी हे व्यवसायाने जाहिरात क्षेत्रातले कलादिग्दर्शक होते. आज आपण संगणकावर जो 'मंगल' टंक वापरतो तो त्यांनी रचलेला. मुंबईच्या जे. जे.मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ च्या सुमारास सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. हे सारे आम्हांला माहीत होते. पण ती माहिती पुस्तकातली होती, घराच्या उंबऱ्यापर्यंत ती पोचली नव्हती.

२००९ मध्ये एका स्मरणिकेचे काम आमच्याकडे आले. परिसरातील कलावंतांची ओळख करून देणारा एक विभाग तीत होता. धुळ्याजवळच्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार यांच्यावर आम्ही अभिमानाने लिहिले. उमेदीच्या काळात, १९५४ ते १९५८ या वर्षांत, त्यांनी पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांच्या डागडुजीचे काम केले होते, हेही लिहिले. शाहीर घेतले, भजनी मंडळे घेतली, हौशी नाट्यकर्मी घेतले. नानांचे नाव घेतले नाही. संपादक मंडळाच्या बैठकीत एकाने ते सुचवलेही होते. 'घरचे नाव नको' असे आम्ही म्हणालो, आणि सर्वांना तो आमचा संकोच वाटला. खरे कारण निराळे होते. आम्हांला ते कलावंत वाटत नव्हते.

स्मरणिका घरी आली तेव्हा नानांनी ती बराच वेळ चाळली. मुखपृष्ठावर बोट ठेवून एवढेच म्हणाले, की अक्षरांमधली जागा सारखी नाही. तोवर त्यांचे दुकान जवळजवळ बंद पडले होते. नव्वदच्या दशकात शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना भिंती रंगवण्यावर कडक बंधने आली, तेव्हा पहिला धक्का बसला. नंतर फ्लेक्स आला आणि दोनतीन वर्षांत हाताने लिहिलेल्या पाट्या उतरू लागल्या. नाना २०१४ मध्ये गेले. त्यांच्या हातच्या शेकडो पाट्यांपैकी एकीचेही छायाचित्र आमच्याकडे नव्हते.

त्या मुलीच्या प्रश्नाने आम्ही अस्वस्थ झालो त्याला ही पार्श्वभूमी होती. आता गिलकडे वळू.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा मद्रास घोडदळाचा अधिकारी शिकारीच्या नादात वाघूर नदीच्या घळीत शिरला आणि अजिंठ्याची लेणी बाहेरच्या जगाला कळली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे. पुढच्या वीसपंचवीस वर्षांत हौशी प्रवाशांची ये-जा वाढली. काहींनी भिंतीवरच्या चित्रांचे तुकडे खरवडून नेले. स्थापत्याचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे या चित्रांची थोरवी आणि त्यांची दुर्दशा मांडली. चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या प्रतिकृती कराव्यात, असे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी ठरवले. १८४४ मध्ये ते काम मद्रासच्या ४४ व्या देशी पायदळ पलटणीतील कॅप्टन रॉबर्ट गिलकडे आले. त्याला चित्रकलेत गती होती, एवढीच त्याची पात्रता.

त्याचा जन्म २६ सप्टेंबर १८०४ चा. म्हणजे अजिंठ्याची कामगिरी मिळाली तेव्हा तो चाळिशीत पाऊल टाकत होता. शिपाईगिरी मागे पडली, आणि पुढची जवळजवळ पस्तीस वर्षे, मरेपर्यंत, तो या चित्रांपाशी राहिला. अजिंठा गावातल्या बारादरीत त्याचा मुक्काम असे. प्रदेश निजामाचा, जंगल दाट, लेण्यांत वाघुळे आणि आग्या मोहोळे. भिंतींवर धुराची पुटे, आणि उजेड दिवसातून थोडाच वेळ आत शिरणारा. अशा ठिकाणी मापे घ्यायची, आकृती रेखायच्या आणि मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात ती चित्रे उतरवायची. सुमारे १८६३ पर्यंत हे चालले. त्या अवधीत अशी सुमारे तीस भव्य चित्रे त्याने पुरी केली आणि ती टप्प्याटप्प्याने समुद्रमार्गे लंडनला रवाना झाली.

त्याला हवे ते चित्र काढण्याची मुभा नव्हती. विषय ठरलेला, रेषा दुसऱ्याची, रंगसंगती दुसऱ्याची, मालकी कंपनीची. कंपनी सरकारचा नोकर सरकारी कामगिरीवर होता, आणि ती कामगिरी होती चित्रे उतरवून देण्याची. त्याच्या पदराला आपले असे काय होते? फक्त हात. नानांच्या भाषेत, अक्षर त्याचे, शब्द लोकांचे.

ही चित्रे सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आली. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या काचमहालाच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली आणि गिलची बहुतेक सारी चित्रे एका रात्रीत जळून गेली. जी त्या वेळी तेथे नव्हती, अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाचली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. गिल तेव्हा बासष्ट वर्षांचा होता आणि अजिंठ्यातच होता. एकोणीस वर्षांचे काम गेल्याची वार्ता त्याच्यापर्यंत कागदावरून आली असणार. तरीही तो परत गेला नाही.

येथे पारोच्या कथेकडे क्षणभर वळावे लागेल. लेणापूरची पारो आणि गिल यांची कथा त्या मुलखात घरोघर सांगितली जाते. अजिंठा गावात पारोची कबर आहे आणि तिच्यावरच्या दगडात तिच्या मृत्यूची तारीख कोरलेली आहे: २३ मे १८५६. तो दगड गिलने बसवला. ज्या काळात एखादा गोरा अधिकारी असे नाते चार भिंतींआड ठेवी, त्या काळात त्याने तिचे नाव उघड्यावर दगडात कोरून ठेवले, ही लहान गोष्ट नव्हे. मग तो स्वतः विवाहित आणि मुलाबाळांचा बाप होता हे लक्षात घेऊनही. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महानोरांच्या कवितेने या दगडाला मराठीत आवाज दिला. कवीने कवीचे काम केले. आमची तक्रार कवितेविषयी नाही, ती शिकवण्याच्या आमच्या पद्धतीविषयी आहे.

तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की हे चटकन ध्यानात येते. कथा १८५६ मध्ये संपते. माणूस पुढे तेवीस वर्षे जगला, आणि काम करीत राहिला. चित्रांची शेवटची सात वर्षे पारोनंतरची आहेत. पन्नाशी उलटल्यावर त्याने छायाचित्रणाची नवी विद्या हाती घेतली आणि काचेच्या जड पट्ट्या, रसायने आणि तिपाई घेऊन अजिंठा, वेरूळ, लोणारची मंदिरे टिपली. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रे दाखवून खोलीचा आभास देणारी जोडछायाचित्रे त्याने काढली. १८६४ मध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनला निघाली. मजकूर फर्ग्युसनचा, चित्रे मेजर गिलची. आम्ही वर्गात रंगवलेला गिल पारोच्या कबरीपाशी कोसळलेला होता. प्रत्यक्षातला गिल उठून दुसऱ्या दिवशी लेण्यात गेला असला पाहिजे. शोकाची ही दुसरी तऱ्हा आम्ही विद्यार्थ्यांना कधी दाखवलीच नाही. नानाही आमच्या आजीच्या तेराव्यानंतर चौदाव्या दिवशी एका ढाब्याची अर्धी राहिलेली पाटी पुरी करायला गेले होते, आणि आम्हांला ते तेव्हा कोरडेपणाचे लक्षण वाटले होते.

गिलनंतरचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येऊ लागले आणि १८८५ पर्यंत त्यांनी नव्याने प्रतिकृती करून घेतल्या. त्याही लंडनला गेल्या, आणि १८८५ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांतल्याही अनेक जळाल्या. ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी ज्या भिंतींसमोर हंगामामागून हंगाम उभे राहिले, त्या भिंतींवरचा ग्रंथ ग्रिफिथ्स यांच्या नावाने ओळखला जातो. जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी केलेल्या प्रतिकृती १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात गेल्या. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी मूळ चित्रांवर लाखेचा लेप दिला, तो पुढे पिवळट-काळसर पडला. म्हणजे नकला आगीत गेल्या आणि अस्सल चित्रे झिजत, मंदावत गेली. त्यामुळे आज भिंतीवर जे दिसत नाही किंवा अस्पष्ट दिसते, त्याच्यासाठी अभ्यासकांना वाचलेल्या नकलांकडे जावे लागते. नक्कल हीच साक्ष ठरते.

त्या नकला निर्दोष होत्या असे कोणी म्हणणार नाही. भिंतीवरचे चित्र सुक्या गिलाव्यावर खनिज रंगांनी काढलेले, निस्तेज न होताही चकाकी नसलेले. कापडावरचा तैलरंग चकचकतो. युरोपीय शिस्तीत वाढलेला हात नकळत छाया भरतो, जिथे मूळ चित्रकाराने केवळ रेषेने गोलाई दिली आहे. आणि हे सारे काम साम्राज्याच्या संग्रहासाठी होते, ज्यांच्या मुलखात लेणी होती त्यांच्यासाठी नव्हते, हेही विसरता येत नाही. तरीही वीस वर्षे दुसऱ्याच्या रेषेमागे आपली रेषा नेणाऱ्या माणसाला त्या चित्रांविषयी जे कळले असेल, ते दोन तासांत लेणी पाहून निबंध लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना कळणे शक्य नाही.

हे आम्ही कशावरून म्हणतो? २०१० च्या हिवाळ्यात आम्ही नानांना अजिंठ्याला घेऊन गेलो होतो. स्मरणिकेची बोच मनात होतीच. सहल हा तिच्यावरचा उतारा होता, हे आज कबूल करतो. सतराव्या लेण्यात मार्गदर्शक मंद उजेडात जातककथा सांगत होता. आम्ही कथा ऐकत होतो. नाना मात्र एका आकृतीच्या खांद्यापाशी थांबले होते. रेघ खांद्यावरून दंडाकडे उतरते तेथे ब्रश कोठे टेकवला आणि कोठे उचलला, हे ते हवेत बोट फिरवून पाहत होते. मग त्यांनी मार्गदर्शकाला विचारले, की या लोकांना मजुरी कोण देत होते. मार्गदर्शक हसला, बरोबरची मंडळीही हसली. आम्हांला अवघडल्यासारखे झाले आणि आम्ही त्यांना पुढे नेले.

गिलविषयी वाचताना हा प्रश्न पुन्हा समोर आला, आणि त्याचे उत्तर आम्ही पाहिलेल्या त्याच भिंतींवर लिहिलेले आहे हे कळले. सोळाव्या लेण्यातला शिलालेख सांगतो, की हे लेणे वाकाटक नृपती हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवले. सतराव्या लेण्याचा लेख एका मांडलिक राजाचा आहे. त्याचे घराणे ज्या ऋषिक देशावर राज्य करीत होते, तो देश म्हणजे आजचा खानदेश, असे वा. वि. मिराशी यांनी मानले आहे. म्हणजे ज्या लेण्यात नानांनी मजुरीविषयी विचारले, त्याची मजुरी पंधराशे वर्षांपूर्वी आमच्याच मुलखाच्या राजाने दिली होती! दात्यांची नावे, त्यांची वंशावळ, त्यांचे पुण्य, हे सारे लेखांत आहे. खांद्यावरून दंडाकडे ती रेघ कोणी ओढली, त्याचे नाव नाही.

याचा अर्थ असा, की ज्या चित्रांना आम्ही अस्सल निर्मितीचा मानदंड मानतो, तीही कोणाच्या तरी सांगण्यावरून, मोबदला घेऊन, ठरलेल्या विषयावर काढलेली आहेत. जातककथा चित्रकाराच्या नव्हत्या. भिंत त्याची नव्हती. पुण्यही दात्याच्या खाती जमा होणार होते. त्याची होती फक्त रेघ. मूळ चित्रकार, त्याची नक्कल करणारा गिल आणि महामार्गावर पाट्या रंगवणारे नाना यांच्यात प्रतिभेचे अंतर अफाट आहे, ते पुसून टाकण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या निकषावर आम्ही नानांना उंबरठ्याबाहेर ठेवले, तो निकष लावला तर अजिंठ्याचे चित्रकारही बाहेरच राहतात. निकषच चुकीचा होता. काम सांगितलेले होते की स्वयंस्फूर्त, यावरून कामाचा कस ठरत नाही. सांगितलेल्या कामात माणूस आपला हात किती ओततो, हे पाहावे लागते. आणि ते पाहायला काम समोर ठेवावे लागते, कामकऱ्याची गोष्ट पुरत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही नरडाण्याहून भुसावळला गेलो. तापी खोऱ्यातला हा लोहमार्ग बेटावद, अमळनेर, धरणगाव करीत जळगावला पोचतो आणि तेथून पुढे भुसावळ. १८७९ च्या एप्रिलमध्ये आजारी गिलला अजिंठ्याहून घाट उतरून भुसावळकडे आणले जात होते. वाटेतच, १० एप्रिलला, तो गेला. वय चौऱ्याहत्तर. भुसावळच्या युरोपियन दफनभूमीत त्याची कबर आहे. पारो घाटावर, तो घाटाखाली खानदेशात. लेण्यांच्या पायथ्याची वाघूर खाली उतरून तापीला मिळते आणि ती तापी आमच्या तालुक्याची उत्तर सीमा आखत पुढे सुरतेकडे जाते.

कबरीपाशी उभे राहून आम्ही दगडावरचे नाव वाचले. काही सुचण्याआधी आमच्यापैकी एकाची नजर अक्षरांमधल्या मोकळ्या जागेवर गेली. ती सारखी होती. कोणा पाथरवटाने, मजुरी घेऊन, दुसऱ्याने कागदावर लिहून दिलेले शब्द निगुतीने कोरले होते.

परत आल्यावर आम्ही त्या मुलीला शोधून तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. आता 'अजिंठा' शिकवताना आम्ही सुरुवात त्या प्रश्नानेच करतो. आधी चित्रे, त्यांची आग, वाचलेली चित्रे, मग पारो. वर्ग पूर्वीसारखा शांत होत नाही. प्रश्न विचारतो. मजुरीचा प्रश्नही एकदा आला, आणि या वेळी आम्ही हसू दिले नाही.

गावातल्या एका जुन्या जिनिंगच्या भिंतीवर नानांच्या हातची खताची जाहिरात अजून अस्पष्ट दिसते. त्या रंगाचे पोपडे निघत आहेत. या उन्हाळ्यात आम्ही तिची छायाचित्रे घेतली आणि शिरोरेषेपासून खालपर्यंत प्रत्येक अक्षराचे माप वहीत उतरवून घेतले. स्मरणिकेची नवी आवृत्ती निघणार आहे. तिच्यासाठी नानांवर एक टिपण लिहिले आहे. त्याला मथळा 'चित्रकार' द्यावा की 'कलावंत', यावर आम्हां दोघांत बरीच चर्चा झाली. शेवटी भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरांत त्यांनी स्वतः जे लिहून ठेवले आहे, तेच ठेवले. फौजी पेंटर, नरडाणा.